किती लांबून काढलास फोटो?

म्हसवड
२१ सप्टेंबर

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

काल आईच्या मोबाईलवर तू पाठवलेला फुरशाचा फोटो पाहिला. अंग वाळूत, वर नुसते डोळे आणि नाकाड. झकास आलाय. किती लांबून काढलास?

तू एसटीत चढलीस तेव्हा मी स्टँडवर पेपर वाचत बसलो होतो. वाचत नव्हतो, हे तुलाही कळलं असेल. "वाळवंट बघायला जैसलमेरला कशाला मरायचं, आपल्या माण तालुक्यात काय कमी दुष्काळ आहे?" हे मी बोलायला नको होतं. आणि ते खरंही नाही. आपल्याकडे रडतखडत का होईना वर्षाला साडेचारशे-पाचशे मिलिमीटर पाऊस पडतो, तिकडे दोनशेसुद्धा नाही. मध्यंतरी परतीचा पाऊस झाला, माणगंगेला चार दिवस पाणी होतं. माळावर तरवड पिवळाजर्द झालाय.

वेड मीच लावलं तुला, मग तक्रार कुणाकडे करायची? टपालाच्या सायकलवर मागे बसून तू माळभर फिरायचीस. वरकुट्याच्या वाटेवर माळटिटवीची अंडी दाखवली होती, आठवतं? चार अंडी, खड्यांत खड्यासारखी. मी बोट दाखवत होतो तरी तुला दिसत नव्हती, आणि दिसली तेव्हा तू पाय उचलून एका पायावर उभी राहिलीस, चुकून तुडवशील म्हणून. धाविक पक्षी पळताना दिसला की "अण्णा, थांबा" म्हणून माझा शर्ट ओढायचीस. त्यापायी टपाल उशिरा पोचायचं. त्याबद्दल साहेबांची बोलणी मी खाल्ली, तुला कधी सांगितलं नाही.

नान्नजला तुला माळढोक दाखवायला नेलं, दिवसभर उन्हात बसलो आणि एकही दिसला नाही. आता तू त्याच्याच मागे आहेस. परवा पेन्शनच्या कामाला पोस्टात गेलो, तर काउंटरवरच्या पोराला आपणहून सांगितलं, माझी मुलगी राजस्थानात विजेच्या तारांखालून चालते, मेलेले पक्षी मोजते. तारेला माळढोक का धडकतो तेही समजावलं, तू सांगितलं होतंस तसं: उडताना त्याला समोरचं फारसं दिसत नाही, अंग जड, तार जवळ आली की वळणं जमत नाही, आणि मादी एका वेळी एकच अंडं घालते म्हणून गेलेला पक्षी भरून निघत नाही. पोराने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, पगार किती? मी विषय बदलला.

पण तारांखालून चालायचं म्हणजे सेवण गवतातून चालायचं. म्हणून फुरशाचं पुन्हा काढतो. काढणार नव्हतो.

फुरसं चावलेला नानाचा हात तू बघितलायस. ती काचेची नळी तू बघितली नाहीस. डॉक्टरांनी त्याचं थोडं रक्त नळीत घेऊन खिडकीत उभी ठेवली, वीस मिनिटं हलवू नका म्हणाले. मी आणि काकू भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसलो. वीस मिनिटांनी त्यांनी नळी आडवी केली तर रक्त पाण्यासारखं वाहत आलं. गोठायला हवं होतं. लस दिली, रात्री पुन्हा नळी, पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी नळी आडवी केली आणि रक्त जागचं हललं नाही, तेव्हा काकू मटकन खाली बसली. आणि नानाला चावलेलं पिल्लू होतं, चपातीच्या लाटण्याएवढंही नसेल. तुझ्याकडचं फुरसं आपल्याकडच्यापेक्षा मोठं असतं म्हणतात.

विंचवाची मला एवढी भीती नाही. महाडच्या डॉ. बावस्करांनी त्यावर प्राझोसिनची गोळी वापरायला सुरुवात केल्यापासून माणसं वाचायला लागली. पण सापाच्या लशीसाठी लागणारं विष बरंचसं तमिळनाडूतल्या साप पकडणाऱ्या इरुळ आदिवासींच्या सोसायटीकडून येतं, म्हणजे साप तिकडचे. वाळवंटातल्या फुरशावर ती लस किती चालेल, तू विचारून ठेव. जवळचा दवाखाना किती लांब, लस आहे का, रात्री गाडी कोण काढेल, हेही. अंधारात बॅटरीशिवाय पाऊल टाकू नकोस. सांडा म्हणतात त्या वाळवंटी सरड्याच्या बिळात हात घालू नकोस. चावलंच तर कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, पाय न हलवता दवाखाना गाठायचा.

बघ, झालं सुरू. हे सगळं तू शिकूनच तिकडे गेलीस आणि मी चौथीतल्या पोरीला सांगितल्यासारखं सांगतोय. राग मानू नकोस.

चाळकेवाडीच्या पठारावर मात्र एकदा जाऊन येऊ, एप्रिल-मेमध्ये, सरडे निळ्या गळ्याचे पंखे फुलवतात तेव्हा. पवनचक्क्यांजवळ शिकारी पक्षी कमी झाले म्हणून तिथे सरडे वाढले आणि माणसाला बुजेनासे झाले, हे तूच मला वाचून दाखवलं होतंस. मला ते अजून पटत नाही. न बुजणारं जनावर बघून बरं वाटत नाही.

आई विचारते, सांगरीची भाजी खरंच खातात का? त्या आपल्या सौंदडाच्या शेंगा आहेत म्हटल्यावर ती म्हणाली, म्हणजे शेळ्यांचा खाऊ पाहुण्यांना! तिने नेपतीचं लोणचं दिलंय, तिकडे त्यालाच केर म्हणतात ना? पार्सलात गुडघ्यापर्यंतचे गमबूटही आहेत. नानाने आणलेत, मला विचारलंही नाही. मोठे झाले तर पुढे कापूस घाल. झटकल्याशिवाय पाय घालू नकोस.

तुझे
अण्णा

ता. क. पत्र बंद करताना आईने फोटो बोटांनी मोठा करून दाखवला. खालच्या कोपऱ्यात तुझ्या पायाचा अंगठा आहे. चप्पल, ताई?