ओढ्याचा पत्ता छापू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ॲमेझॉनच्या जंगलात जाऊन टँकसाठी मासे पकडणाऱ्या हौशी मंडळींवर पानभर लेख आला. मी तो दोनदा वाचला. पहिल्यांदा हेव्याने आणि दुसऱ्यांदा, शेवटच्या चौकटीमुळे, रागाने. ‘यासाठी ब्राझीलच कशाला?’ असं विचारून त्या चौकटीत सह्याद्रीतल्या एका ओढ्याचं नाव, गावाचं नाव, डांबरी रस्ता कुठे सोडायचा आणि कोणत्या महिन्यात पाणी गुडघाभर असतं, एवढं सगळं दिलं आहे. शिवाय नकाशा. आता जाळी तेवढी घरपोच द्यायची राहिली.

मी पिंपरीतल्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होतो. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. मासे पाळतोय १९८१ पासून. पहिला टँक लोखंडी अँगलचा, पुट्टीने काचा बसवलेला, आणि पहिला महिनाभर गळणारा. त्यामुळे हेवा वाटला तो खराच. कार्डिनल टेट्रा या ॲमेझॉनकडच्या माशाचा थवा त्याच्या घरच्या पाण्यात बघायला मिळावा, ही माझी चाळीस वर्षांची इच्छा आहे. खडकवासल्याचं पाणी मऊ असल्याने हा मासा पुण्यात बरा जगतो (बोअरच्या पाण्यावरच्या सोसायट्यांनी त्याच्या नादी लागू नये). १९५६ साली त्याचं शास्त्रीय वर्णन दोन ठिकाणी अवघ्या एका दिवसाच्या अंतराने छापून आलं. नाव कोणाचं खरं, हा वाद प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय आयोगापर्यंत गेला आणि एक दिवस आधीचं नाव टिकलं. इंचभर माशासाठी एवढं! पुण्यात घडलं असतं तर अजून निकाल लागला नसता.

पण तुमच्या लेखात नदी आहे, नौका आहे, डास आहेत. तिथली माणसं मात्र नाहीत. ॲमेझॉनची उपनदी रिओ नेग्रो, तिच्या काठी बार्सेलोस नावाचं गाव आहे. पिढ्यान् पिढ्या हे टेट्रासारखे मासे पकडणाऱ्यांना तिथे पियाबेइरो म्हणतात. नदीला पाणी चढलं की ती रानात शिरते. मनौस शहरापाशी हा वर्षाकाठचा चढउतार सुमारे १० मीटरचा आहे. झाडं महिनोन् महिने पाण्यात उभी असतात आणि त्यांच्या बुंध्यांमधून मासे फिरतात. पाणी ओसरलं की मागे राहिलेल्या डबक्यांत अडकलेले असंख्य मासे तसेही मरतात. त्यातले काही हातजाळ्याने उचलले तर नदीचं फारसं बिघडत नाही आणि माणसाला जंगल तोडण्यापेक्षा बरा धंदा मिळतो. १९८९ पासून ‘प्रोजेक्ट पियाबा’ या तिथल्या प्रकल्पाचे लोक हेच सांगत आले आहेत: मासा विकत घ्या, झाड वाचवा. मला ते पटतं. रानातला मासा पकडणं हे पाप आहे, असं म्हणणाऱ्यांतला मी नाही.

मात्र त्याच ब्राझीलमध्ये शिंगू नावाची दुसरी नदी आहे. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा झेब्रा प्लेको फक्त तिच्या एका टप्प्यात, तळाच्या खडकांच्या फटींमध्ये राहतो. एका वेळी मोजकीच अंडी. त्याच टप्प्यावर बेलो मोन्ते धरण झालं. ब्राझीलने या माशाची निर्यात केव्हाच बंद केली आणि २०२२ मध्ये तो धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराला वेसण घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात गेला. म्हणजे देश एक, छंद एक, पण दोन नद्यांचे नियम दोन. तुम्ही वाचकांना रिओ नेग्रोची गोष्ट सांगितलीत आणि पाठवलंत मात्र शिंगूवर. आपले घाटमाथ्यावरचे ओढे शिंगूच्या जातीचे आहेत: एखाद्या डोहात राहणारा मासा पलीकडच्या खोऱ्यात नसतो.

हे मी पुस्तकातून बोलत नाही, करून बसलोय. नोव्हेंबर १९९७ मध्ये एका मित्राच्या स्कूटरवर मागे बसून मी सातारा जिल्ह्यात कृष्णेच्या एका उपनदीवर गेलो होतो. झेब्रा लोच हवे होते. पिवळसर अंगावर बारीक काळपट पट्टे, मिशा, स्वभावाने चौकस, आणि टँकमधल्या गोगलगायी फस्त करणारा म्हणून हौशी लोकांचा लाडका. मच्छरदाणीचं कापड लावून दगडाखालून दुपारपर्यंत ३४ धरले. काठावर म्हैस धुणारे एक आजोबा बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, “एवढ्याशानं प्वाट भरनार हाय व्हय?” शोभेसाठी नेतोय म्हटल्यावर ते हसले नाहीत की रागावले नाहीत. म्हशीकडे वळले.

गोडेतेलाच्या दोन डब्यांत मासे भरले, झाकणं घट्ट लावली आणि निघालो. खंबाटकीत ट्रक आडवा झालेला. घरी पोचायला रात्रीचे दहा. नऊ मासे मेले होते. बाकीचे तरतरीत दिसत होते म्हणून झाकणं उघडून हवा सोडली, वर नळाचं ताजं पाणी ओतलं आणि झोपलो. सकाळी चार उरले.

का मेले ते कळायला मला पुढे दोन वर्षं लागली. डबा बंद असतो तोवर माशांच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने पाण्याचा सामू (पीएच) उतरलेला राहतो, आणि त्यांनीच टाकलेला अमोनिया फारशी इजा करत नाही. झाकण उघडून हवा सोडली की तो वायू उडून जातो, सामू चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. त्यात माझं क्लोरीनचं पाणी. धंदेवाईक लोक मासे आधी एक-दोन दिवस उपाशी ठेवतात, मगच ऑक्सिजन भरून पिशव्या बांधतात. मी पकडल्या पकडल्या भरलेल्या पोटी डब्यात कोंबले होते. चारातला एक मासा २००८ पर्यंत जगला. पाहुणे त्याचं कौतुक करायचे. बाकीच्या ३३ जणांबद्दल मी कधी बोललो नाही. आज पहिल्यांदा लिहितोय.

दोन पावसाळे गेल्यावर पुन्हा गेलो तर तो डोह ओळखू येईना. मी ३४ मासे नेले होते, वाळूवाल्यांनी तळच नेला होता. दगडगोट्यांच्या फटीत राहणाऱ्या माशाला तळाशिवाय दुसरं घर नाही. आता उरलेल्या डोहांवर तुमचे वाचक जाळी घेऊन जाणार.

हौशी लोक किती नेणार, असं कोणी म्हणेल. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २००५ ते २०१२ या काळात धोक्यात असलेल्या ३० जातींचे १५ लाखांहून अधिक गोड्या पाण्यातले मासे भारतातून शोभेसाठी निर्यात झाले. त्यात मोठा वाटा असलेल्या जातींपैकी या दोन. एक केरळचा वाटाण्याएवढा फुगणारा मासा, आणि दुसरा हाच आपला झेब्रा लोच. दुकानात काचेवर चिठ्ठी असते ती किमतीची. मासा पैदाशीचा की रानातला, हे मी हल्ली विचारतो. बहुतेक वेळा उत्तर येतं, “काका, माल कुर्ल्याहून येतो.”

आणि दुर्गम नदी म्हणजे तरी काय? कंपनी सरकारच्या फौजेतल्या कर्नल साइक्सने १८३९ मध्ये महसीर जातीच्या एका माशाचं वर्णन केलं, टॉर खुद्री. तो मिळाला होता पुण्याच्या पूर्वेला, मुळा-मुठेत. साहेबाच्या लेखी आपली मुठाच रानातली नदी होती. कोलुस, पोटेल, खुद्री ही मराठी नावं त्याने सरळ लॅटिनात घातली. आज डेक्कनच्या पुलाखाली वाकून पाहिलंत तर दिसेल तो गप्पी, डासांसाठी सोडलेला, दक्षिण अमेरिकेतला. तिकडे उजनीत मच्छीमारांची जाळी फाडतो तो सकर, म्हणजे हेलिकॉप्टर मासा. तोही ॲमेझॉनकडच्या कुळातला, कोणाच्या तरी टँकमध्ये मावेनासा झालेला. ॲमेझॉनला जायची गरज आहेच कुठे?

एक आक्षेप मला मान्य आहे. आंबोलीच्या हिरण्यकेशीच्या उगमापाशी ‘देवाचा मासा’ सापडला, त्याचं गाव-ठिकाण सगळ्या वर्तमानपत्रांनी छापलं आणि त्यातून भलंच झालं. २०२१ मध्ये तिथली २.११ हेक्टर जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. पण तिथे देऊळ आहे, देवाचा धाक आहे, आणि आता अधिसूचनाही आहे. तुमच्या चौकटीतल्या ओढ्याला यातलं काय आहे? २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावोगावी समित्या असायला हव्यात. लेखकाने त्या गावाच्या समितीला, निदान सरपंचाला, विचारलं होतं का? बार्सेलोसला परदेशी हौशी माणूस जातो तो पियाबेइरोच्या नावेत बसून, त्याला पैसे देऊन. आपल्याकडे गाडी ओढ्याकाठी लावायची, डबे भरायचे आणि अंधार पडायच्या आत टोलनाका गाठायचा.

विनंती एकच. वेब आवृत्तीतला तो नकाशा काढा आणि ओढ्याचं नावही. ‘घाटमाथ्यावरचा एक ओढा’ एवढं पुरे. छापील अंकाचं आता काही करता येणार नाही, तो रद्दीत जाईल. नकाशा जात नाही.

आमच्या सोसायटीतला अकरावीतला एक मुलगा सोमवारीच कात्रण घेऊन आला होता. “काका, तुमची जाळी देता?” दिली नाही. पण पोराचा चेहरा इतका उतरला की पत्र्याचा एक चौकोनी डबा कापून त्याच्या तळाला ॲक्रेलिकची काच सिलिकॉनने बसवायला घेतली आहे. पाण्यावर टेकवून आत बघितलं की तळाचे मासे स्वच्छ दिसतात. येत्या शनिवारी दोघं जाणार आहोत. कुठल्या ओढ्यावर, ते त्याला एसटीत बसल्यावरही सांगणार नाही.

आपला,
एक जुना मासेवाला (पाळणारा, विकणारा नव्हे)
कर्वेनगर, पुणे