बाई, माझी टेप तुमच्याकडेच राहू द्या

आदरणीय बाईंना,
स.न.वि.वि.

शाळेतली मुलं तुम्हाला मॅडम म्हणतात, पण आमच्याकडे शिकवणारी ती बाई, मग ती खेळ शिकवणारी का असेना, म्हणून मी बाईच म्हणते. खरं तर हे पत्र लेकीच्या दप्तरातून चिठ्ठी म्हणून पाठवणार होते. पण गेल्या महिन्यात दुकानात ब्लाउज टाकायला आलेल्या तीन जणींनी तीन वेगवेगळ्या दिवशी तेच ऐकवलं, ‘आमच्या पोरीला स्टॅमिनाच नाही हो.’ दर वेळी मशीन थांबवून तुमचं सगळं सांगत बसले तर दिवाळीची शिलाई कोण करणार? म्हणून चार जणांनी वाचावं असं उघडंच लिहितेय. तुमचं आणि शाळेचं नाव घातलेलं नाही, तुम्हाला ते आवडलं नसतं.

दोन वर्षांपूर्वी लेक सातवीत होती. शाळा सुटल्यावर एका क्लबात खो-खोला जायची. तिथे निवड चाचणी झाली, हिचं नाव आलं नाही. विचारायला गेले तर एका वाक्यात माझी बोळवण झाली, ‘पोरगी चांगली आहे, पण स्टॅमिना नाही.’ मी तेवढा एक शब्द पदरात बांधून घरी आले. मग काय, बदाम भिजायला लागले, दुधात घालायच्या पावडरीचा महागडा डबा आला, आणि पहाटे साडेपाचला मी तिला इथल्या, पुण्यातल्या तळजाई टेकडीवर पळवायला न्यायला लागले. मी बाकावर शाल गुंडाळून बसलेली आणि ती पळतेय. आधी एक फेरी, मग दोन, मग तीन. महिन्याभरात तिच्या नडग्या दुखायला लागल्या, वर्गात पेंगायला लागली आणि मैदानावर आधीपेक्षाही मंद झाली. आजार रेड्याला, औषध पखालीला. मला तर तेव्हा रेडाही दिसत नव्हता आणि पखालही.

अशात तुम्ही डायरीत लिहिलंत, ‘शनिवारी सकाळी पालकांनी मैदानावर यावे.’ वाटलं, तक्रार असणार. आले तर तुमच्या हातात स्टॉपवॉच, खडू आणि तीस सेंटिमीटरची साधी पट्टी. मैदान मोजायची मोठी टेप कुणीतरी नेऊन ठेवली होती. तुम्ही इकडेतिकडे बघितलंत आणि मला म्हणालात, ‘तुमच्याकडे असेल ना टेप?’ माझ्या पर्समध्ये एक वेळ पैसे नसतील, टेप असतेच.

लेकीने उभ्या जागेवरून लांब उडी मारली. माझी टेप दीडशे सेंटिमीटरला संपली आणि तिची टाच अजून पुढेच होती. तुम्ही अंगठा दाबून धरलात, मी टेप उचलून तिथून पुढे लावली. १६४. तुम्ही वहीत आकडा लिहिलात आणि मान वर न करताच विचारलंत, ‘हिला अशक्त कोण म्हणालं?’

कुणी म्हणालं नव्हतं. स्टॅमिना नाही म्हणजे अशक्त, हा हिशेब माझाच होता.

त्या सकाळी तुम्ही तिच्याकडून जे जे करून घेतलंत ते मला अजून पाठ आहे. ५० मीटर पळणं आणि ६०० मीटर पळणं. पाय लांब करून बसायचं आणि बोटं पुढे कुठवर पोचतात ते बघायचं. अर्ध्या मिनिटात पोटाच्या उठाबशा. गुडघे टेकून दंड. वजन आणि उंची. एवढ्या चाचण्या खेलो इंडियाच्या, नऊ वर्षांवरच्या सगळ्या शाळकरी मुलांसाठी ठरवलेल्या, असं तुम्ही सांगितलंत. उडी, दहा-दहा मीटरच्या चार फेऱ्या, एका पायावर उभं राहणं, भिंतीवर चेंडू मारून आळीपाळीने दोन्ही हातांनी झेलणं आणि पट्टी, ही तुमची भर. पट्टीची मजा तर मी घरी पाहुण्यांनाही दाखवते. एकाने पट्टी उभी धरायची, दुसऱ्याने खाली बोटं उघडी ठेवायची, आणि न सांगता सोडली की पकडायची. लेकीने १३ सेंटिमीटरवर पकडली, म्हणजे तिला सेकंदाचा साधारण सहावा भाग लागला. मी पकडली २४ वर. तुम्ही हसला नाहीत, पण लेक हसली.

मग कट्ट्यावर बसून तुम्ही आकडे समजावलेत. फिटनेस म्हणजे एक गोष्ट नव्हे. हृदय आणि फुप्फुसांचा दम, स्नायूंची ताकद, स्नायूंचा टिकाऊपणा, लवचीकता आणि शरीरात चरबी किती व बाकी किती याचं प्रमाण, हे पाच घटक प्रत्येकाला निरोगी राहायला लागतात, खेळा अथवा नका खेळू. वेग, चपळता, तोल, समन्वय, झटक्याची शक्ती आणि किती लवकर प्रतिसाद देतो ते, हे सहा खेळाडूला खेळात लागतात. अकरा मापं झाली! आणि मी, जी दिवसभर हेच करते, जी छाती ३४ एवढ्यावर कधी कापडाला कात्री लावत नाही, खांदा वेगळा, मुंढा वेगळा, पाठीची उंची वेगळी घेते, तिने पोटच्या पोरीला एका शब्दात कापून टाकलं होतं. त्या दिवशी मला फार लाज वाटली. तेव्हा बोलले नाही, आता सांगते.

तरी ‘दम आणि टिकाऊपणा वेगळा कसा?’ हे माझ्या डोक्यात शिरेना. तुम्ही मला पर्वतीवर यायला सांगितलंत. माझं जुनं पायमशीन आहे, मोटर लावलेली नाही. सकाळी दहा ते रात्री आठ माझे पाय चालतात, पोटऱ्या कधी कुरकुरत नाहीत. पण पर्वतीच्या १०३ पायऱ्या तुमच्या वेगाने चढले आणि वर देवळाशी मला बोलता येईना. तुम्ही माझंच बोट माझ्या मनगटावर ठेवून १५ सेकंद मोजायला लावलंत. ४१ ठोके. गुणिले चार, १६४. ‘पाय दुखतायत?’ ‘नाही.’ ‘धाप लागलीय?’ ‘दिसत नाही का!’ मग तुम्ही म्हणालात, पायांचे स्नायू तयार आहेत, हृदयाला सवय नाही. त्यानंतर मला पुन्हा कधी समजवावं लागलं नाही.

ताकद आणि झटक्याची शक्ती यातला फरकही असाच माझ्या दुकानातून निघाला. मशीन उचलून बाजूला सरकवायचं ती ताकद, हळू केलं तरी चालतं. तीच ताकद डोळ्याची पापणी लवायच्या आत बाहेर काढायची ती शक्ती, आणि लेकीची १६४ ची उडी ती ही. खो-खोत पाटीवर, म्हणजे मैदानातल्या आडव्या पट्टीवर, उकिडवं बसलेलं असताना ‘खो’ कानावर पडताच उठायचं, त्यात ही शक्ती आणि पट्टीवालं माप दोन्ही आलं. एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत मागे वळता येत नाही, म्हणून उठतानाच्या त्या क्षणाला एवढी किंमत. पळतीला उतरलेल्या मुलीला मात्र चपळता हवी. लेक ५० मीटरमध्ये वर्गात मधलीच होती, पण दहा-दहाच्या फेऱ्यांत तिच्या पुढे दोघीच. सरळ पळणं आणि पळता पळता ब्रेक मारून उलटं वळणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे मला तिथे डोळ्यांनी दिसलं. तळजाईवर मी तिला जे करायला लावत होते, त्यात वळणं नव्हतं, उठणं नव्हतं, थांबणंही नव्हतं. नडग्या तेवढ्या होत्या.

तुम्ही दिलेला तक्ता माझ्या दुकानात गिऱ्हाइकांच्या मापांच्या चिठ्ठ्यांशेजारी अजून लटकतोय. सोम, बुध, शुक्र दोरीच्या उड्या, छोट्या फेऱ्या, उठाबशा, दंड. मंगळ, गुरू सूर्यनमस्कार आणि ताण देणारे व्यायाम, शनिवारी पर्वती. रविवारच्या चौकोनात तुम्ही ठळक अक्षरात ‘झोप’ लिहिलं होतं. मला ते आळशीपणाचं वाटलं होतं, कबूल करते. पण नडग्या दुखायच्या तिसऱ्या आठवड्यात थांबल्या.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी खरं तर मी लिहायला बसले. तीन महिन्यांनी तुम्ही सगळी मापं पुन्हा घेतलीत. उडी वाढली, उठाबशा वाढल्या, फेऱ्यांची वेळ कमी झाली. ६०० मीटर मात्र जागच्या जागी, आधी ३ मिनिटं २२ सेकंद, आता ३ मिनिटं १९. पर्वतीवर तिचे ठोके १५ सेकंदांत ४३, आणि मिनिटभर बसल्यावरही ३८. दुसरी कुणी असती तर ‘अजून पळव’ म्हणाली असती. तुम्ही आकड्यांकडे बराच वेळ बघत राहिलात. मग मला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारलंत, पाळी सुरू झालीय का, जेवणानंतर चहा घेते का, शाळेतली निळी गोळी खाते का. आणि म्हणालात, ‘मी डॉक्टर नाही. पण घोडं कुठे पेंड खातंय ते मैदानावर सापडणार नाही. हिमोग्लोबिन तपासून घ्या.’

९.४ निघालं. या वयाच्या मुलीला किमान १२ हवं. डॉक्टर म्हणाले, रक्तच कमी असेल तर स्नायूंना ऑक्सिजन पोचवणार कोण? हृदय बिचारं जास्त ठोके मारून भरपाई करत होतं. घरी येऊन कंपासपेटी उघडली तर आठवड्याला एक मिळणाऱ्या निळ्या लोहाच्या गोळ्या, सहाच्या सहा, रबराखाली. ‘मळमळतं गं आई.’ उपाशीपोटी घेत होती, मळमळणारच. जेवणाला चिकटून चहा बंद झाला. डॉक्टरांनी दिलेली गोळी दुधासोबत द्यायची नाही म्हटल्यावर तो महागडा डबा कपाटातच राहिला, मीच नंतर संपवला. पालेभाजीवर लिंबू पिळायला लागलो, सासूबाईंनी हाळिवाचे लाडू केले. तीन महिन्यांनी १२.१. आणि त्याच आठवड्यात ६०० मीटर, २ मिनिटं ५३ सेकंद. मिनिटभर बसल्यावर १५ सेकंदांत ठोके ३०. दमलेल्या प्रत्येक मुलीला रक्त कमी असतं असं नाही, हे तुम्ही मला दहादा बजावलंत, म्हणून इथेही लिहिते. पण तुम्ही दहा घटक नीट मोजले होते म्हणूनच अकरावा अडलेला दिसला. नुसतं ‘स्टॅमिना नाही’ म्हणून सोडून दिलं असतं तर ती आज खेळ सोडून घरी बसली असती, आणि मी लोकांना सांगत फिरले असते की तिला आवडच नव्हती.

एक गोष्ट तुम्ही कधी बोलला नाहीत, मी बघितली. बाकी सगळे आकडे तुम्ही मैदानावर मोठ्याने वाचता. वजन मात्र घडी घातलेल्या चिठ्ठीवर, ज्याचं त्याच्या हातात. उंची-वजनाचं गुणोत्तर मोठ्या माणसांच्या पट्टीने मुलांना लावायचं नाही, वय आणि मुलगी की मुलगा ते बघून वाचायचं, हेही तुम्हीच सांगितलंत. मी इतकी वर्षं दुकानात माप घेताना पोरींना सगळ्यांसमोर ‘काय गं, अंगाने भरलीस’ म्हणत आले. आता आकडा वहीत लिहिते आणि गप्प बसते.

आठवीत तिची उंची वर्षभरात सात सेंटिमीटरने वाढली आणि बोटं पुन्हा पावलांच्या अलीकडे थांबायला लागली, चेंडू हातातून निसटायला लागले. रडत घरी आली. पण तुम्ही तिला आधीच सांगून ठेवलं होतं, हाडं पुढे पळतात, बाकीचं मागून येतं, म्हणून ते रडणं एकाच दिवसात आटपलं. त्याच वर्षी, जानेवारी २०२५ मध्ये, दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. ज्या खेळाचे नियम १९१४ मध्ये इथे डेक्कन जिमखान्याच्या समितीने बसून लिहिले, त्याचा विश्वचषक! महिलांच्या अंतिम सामन्यात आपण नेपाळला ७८-४० ने हरवलं, कर्णधार आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. दुकानात मोबाइल कापडाच्या ठाणाला टेकवून बघत होतो. मी गुण मोजत होते आणि लेक म्हणत होती, ‘आई, गुण नको बघू, ती उठते कशी ते बघ.’ तुमचीच विद्यार्थिनी.

सध्याची खबर तुम्हाला माहीत आहेच, पण वाचणाऱ्यांसाठी सांगते. यंदा महापालिका स्तरावरच्या शालेय स्पर्धेसाठी बारा जणींच्या संघात ती होती. खेळतात नऊ, ती बाकावरच्या तिघींत. दोन सामन्यांत उतरली, एकात पाच मिनिटांच्या आत बाद झाली, दुसऱ्यात शेवटपर्यंत टिकली. घरी येऊन निकाल सांगायच्या आधी मनगट धरून ठोके मोजत बसली होती.

तुमच्या ट्रॅक पँटची चेन बदलून झाली आहे, कधीही घेऊन जा. पैसे काढायचे नाहीत. आणि त्या शनिवारी माझी टेप तुमच्याकडे राहिली, ती मागे लेकीच्या हातून परत पाठवलीत. खडूने पांढरी झालेली, १५० च्या आकड्यापाशी तुमच्या अंगठ्याने चुरगळलेली. मापाला ती आता उपयोगाची नाही, इंचभर तरी ताणली गेलीय. तीच पँटच्या खिशात घालून ठेवलीय, पँटसोबत घेऊन जा. पट्टीचा खेळ शिकवताना मुलांना ओळीत उभं करायला येईल. उड्या मोजायला मात्र लोखंडी टेप घ्या, बाई.

आपली,
नववी ‘ब’मधल्या तुमच्या पळतीवाल्या मुलीची आई