गजरेवाली गाडीत, पोरे मोकाट

महोदय,

सण जवळ आले की चौकातली गस्त वाढते. छेडछाड, रस्त्यावरची दारू यांवर कारवाई हवीच. पण परवा सिग्नलपाशी, मी रोज जिच्याकडून गजरा घेते त्या पारधी बाईला पोलिसांनी गाडीत बसवले. टोपली फुटपाथवरच राहिली. शेजारी कर्कश सायलेन्सर वाजवणाऱ्या पोरांना कोणी हटकलेही नाही. पारध्यांसारख्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा ब्रिटिशांचा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली गेला, संशय नाही गेला. १९५९ च्या भीक प्रतिबंधक कायद्याने भीक मागणाऱ्याला आजही विनावॉरंट उचलता येते. ब्रिटनमध्ये २०१० च्या समता कायद्याने सार्वजनिक संस्थांना आपल्या धोरणाचा कोणत्या समाजघटकावर काय परिणाम होईल, हे विचारात घ्यावे लागते. आपल्याकडे निदान कोणाला उचलले, कोणत्या समाजातले, किती निर्दोष सुटले, हे आकडे दरवर्षी जाहीर करावेत.

– एक वाचक, पुणे