ऋभू : नाव ठेवण्याआधी

सोलापूर

चि. सौ. मंजिरी हिस,
अनेक आशीर्वाद.

मुलगा झाला तर ऋभू ठेवायचं, हे वाचून आम्हा दोघांनाही फार बरं वाटलं. ऋभू, विभ्वा आणि वाज हे ऋग्वेदातले तीन भाऊ, सुधन्व्याची मुलं. हातच्या कसबावर देवपदाला पोचलेली माणसं. देवांचा कारागीर त्वष्टा, त्याच्या एका चमसाचे, म्हणजे सोमरसाच्या पेल्याचे, त्यांनी चार केले, अश्विनीकुमारांना रथ घडवून दिला, म्हाताऱ्या आईबापांना पुन्हा तरुण केलं. मागावर जगलेल्या गावाच्या नातवाला याहून चांगलं नाव कुठलं?

नाव कुणी ऐकलेलं नाही म्हणून बिचकू नकोस. ब्रिटन-अमेरिकेत दर वर्षी बाळांच्या नावांची सरकारी यादी निघते, आपल्याकडे निघत नाही. त्यामुळे मोबाइलवर लोकप्रियतेचे आकडे दिसले तर ते धरून बसू नकोस. मला काळजी आहे ती उच्चाराची.

ऋ हा मुळात स्वर. आज आपण त्याला रु म्हणतो, हिंदीवाले रि म्हणतात. ऋतुराज गायकवाड इंग्रजीत आर-यू लावतो, ऋषभ पंत आर-आय, अक्षर एकच. सोलापुरात तेलुगू आणि कानडी शेजारीही रुकडेच झुकतात, तेव्हा इथे ऋ अडणार नाही. अडेल तो भ. घाईच्या बोलण्यात त्याचा ब होतो आणि पोराचा ‘रुबू’ होऊन बसतो. तोंडापुढे तळहात धर आणि आधी ‘बाबू’, मग ‘भाऊ’ म्हण. भाऊला श्वास हाताला लागतो, तोच ऋभूत लागला पाहिजे. पहिलं अक्षर आखूड, दुसरं लांब. ‘रूभू’ असं दोन्हीकडे ताणायचं नाही. फोनवर लोक ‘रघू का?’ विचारतील, तेव्हा ‘ऋतूचा ऋ, भूषणचा भू’ असं सांगायचं. पहिली दोन वर्षं घरात लाडाचं दुसरं नाव काढू नका. हृषीकेशचा बोलता बोलता ऋषिकेश झाला आणि आता बहुतेक जण तसंच लिहितात, हे लक्षात ठेव.

संस्कृतात भु ऱ्हस्व आहे, पण मराठीच्या नियमाप्रमाणे व्यक्तिनाम दीर्घान्त, म्हणून ‘ऋभू’च लिहायचं. इंग्रजीत आर-यू-बी-एच-यू. एच गळला की पुन्हा रुबू.

बाळंतपण इथे होणार, म्हणजे नोंदही इथल्या महापालिकेत. जन्माची खबर 21 दिवसांत जायला हवी. नाव मात्र तेव्हा ठरलेलं नसलं तरी चालतं, 12 महिन्यांच्या आत फी न भरता घालता येतं. तेव्हा घाई नको. दोन्ही लिप्यांत ठळक अक्षरांत स्वतः लिहून दे, तोंडी सांगू नकोस. टाइप करताना ऋ पटकन सापडत नाही, मग सरळ ‘रु’ उमटतो. दाखला हातात पडल्यावर तिथेच उभी राहून वाच. 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्यांना शाळा, आधार, पासपोर्ट सगळ्याला जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागतो. आणि 1 मे 2024 पासून सरकारी कागदांवर बाळाच्या नावापुढे आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. ऋभू मंजिरी, कानाला किती छान लागतं!

सासूबाई नावरस काढतील, म्हणजे पहिल्या अक्षरावरून नक्षत्र आणि रास पाहतील. री धरली तर चित्रा नक्षत्राचा चौथा चरण, रू धरला तर स्वातीचा पहिला. रास दोन्हीकडे तूळच, त्यामुळे वाद होऊ देऊ नकोस.

बारशाला कानात कुर्रर्र करून नाव सांगणार तुझी नणंद, तर तिला आधीच लिहून पाठव आणि फोनवर दोनदा म्हणवून घे. सातव्या महिन्यात आलीस की पाळण्यावर लावायची पाटी करायला टाकू. ऋ जरा मोठा कापायला सांगते.

तुझी,
आई