ग्लास इपॉक्सी सांगून कागदी बोर्ड पाठवल्याबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : दुहेरी कॉपर क्लॅड बोर्ड, ६ × ४ इंच, १० नग. वर्णनाप्रमाणे माल न मिळाल्याबद्दल व परतावा नाकारल्याबद्दल.

महोदय/महोदया,

तुमच्या संकेतस्थळावर इलेक्ट्रॉनिक सर्किटे उभी करण्यासाठीच्या या तांब्याच्या पत्र्याने मढवलेल्या बोर्डांचे वर्णन असे आहे : एफआर-४ ग्लास इपॉक्सी, जाडी १.६ मिमी, दोन्ही बाजूंना ३५ मायक्रॉन तांबे, 'मॅनहॅटन पद्धतीच्या प्रोटोटाइपसाठी उत्तम'. शेजारी त्या पद्धतीचा फोटोही आहे. कोऱ्या तांब्यावर चिकटवलेले छोटे चौकोनी पॅड आणि त्यांवर उभे सोल्डर केलेले रेझिस्टर त्यात दिसतात. तो फोटो पाहूनच मी ऑर्डर दिली. बिलाची प्रत सोबत आहे.

आलेले बोर्ड पेपर फिनॉलिकचे, म्हणजे काचेच्या कापडाऐवजी कागद आणि इपॉक्सीऐवजी फिनॉलिक राळ वापरलेले आहेत. दोन्ही बाजूंना तांबे असल्यामुळे आतले काही दिसत नाही. कडेवरून कळले असते, पण कडांना पिवळट-हिरव्या लॅकरचा हात मारलेला आहे. कानस फिरवली की त्याखाली चॉकलेटी थर लागतो आणि भुकटीही तपकिरी पडते. ग्लास इपॉक्सीची भुकटी पांढुरकी पडते आणि हाताला खाजते. ते काम केलेल्या माणसाला हे वेगळे सांगावे लागत नाही. तुकड्याला सोल्डरिंग आयर्नची गरम बिट टेकवली तर कार्बोलिकसारखा वास येतो. तोवर पाकिटातून न काढलेल्या बोर्डांचीही कड घासून पाहिली, तीही तशीच निघाली. व्हर्नियरवर जाडी १.२ मिमीच्या आसपास भरते. लॅकरचा तो हात कोणी आणि कशासाठी मारला, हे मला तुमच्याकडून लेखी हवे आहे.

आता तुमच्या ग्राहक सेवेच्या उत्तराकडे वळतो, कारण या पत्राचे खरे कारण तेच आहे. पहिले उत्तर : 'बोर्ड एचिंगसाठी असतो, कोऱ्या तांब्यावर थेट सोल्डरिंग करणे हा चुकीचा वापर आहे.' दुसरे : 'कापलेला बोर्ड परत घेतला जात नाही.'

पहिल्या उत्तराबद्दल. एचिंग म्हणजे नको तेवढे तांबे रसायनाने काढून टाकणे. पण थेट सोल्डरिंग हा चुकीचा वापर असेल, तर त्याचा फोटो तुम्हीच विक्रीच्या पानावर लावला आहे. आणि ही पद्धत मी घरी बसून काढलेली नाही. लिनिअर टेक्नॉलॉजी कंपनीचे जिम विल्यम्स वेगवान अॅनालॉग सर्किटे अशाच कोऱ्या कॉपर क्लॅडवर उभी करत, आणि कंपनीच्या १९९१ च्या अॅप्लिकेशन नोटमध्ये त्यांचे फोटो छापलेले आहेत. हॅम मंडळी (हौशी रेडिओवाले) तर कित्येक वर्षे हेच करत आली आहेत. झीरो पीसीबीवर (तयार भोकांचा बोर्ड) किंवा ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता वायरी खोचायचा बोर्ड) काही मेगाहर्ट्झचे सर्किट नीट चालत नाही. लांब वायरी आणि आजूबाजूची कपॅसिटन्स (शेजारच्या धातूंमध्ये नकळत विद्युतभार साठण्याची क्षमता) आड येते. कोऱ्या तांब्यावर मात्र अख्खा पत्राच ग्राउंड होतो आणि प्रत्येक ग्राउंडची वायर जिथल्या तिथे अर्ध्या सेंटिमीटरात संपते. बाकी जोडांसाठी त्याच बोर्डातून ५ मिमीचे चौकोन कापून फेव्हिक्विकने चिकटवायचे. अशा ग्लास इपॉक्सी पॅडची ग्राउंडशी कपॅसिटन्स जेमतेम ०.६ पिकोफॅरड, म्हणजे माझ्या रेडिओ रिसीव्हरच्या ७ मेगाहर्ट्झला दुर्लक्ष करण्याजोगी. नीट आखले तर सर्किट आकृतीसारखेच बोर्डावर दिसते, डावीकडून अँटेना, उजवीकडे हेडफोन. शिकणाऱ्या मुलांना याहून स्पष्ट काही दाखवता येत नाही.

पण यात सगळी भिस्त तांब्याच्या पकडीवर असते. सलग पत्रा उष्णता ओढून घेतो, त्यामुळे बारीक बिटीचे २५ वॅटचे आयर्न ग्राउंडवर चालत नाही. रुंद बिट लागते, तापमान ३५० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवावे लागते आणि सोल्डर नीट पसरेपर्यंत धरावे लागते. शिवाय प्रोटोटाइप म्हटला की एकाच पॅडवरचा कपॅसिटर पुन्हा पुन्हा काढून बदलायचा. ग्लास इपॉक्सी हे सहन करते. तुमच्या बोर्डावर दुसऱ्यांदा बिट लावताच पॅडचे तांबे सुटून वायरीबरोबर वर आले, आणि ग्राउंडला रिसीव्हरच्या ऑसिलेटरच्या (स्टेशनची फ्रिक्वेन्सी ठरवणाऱ्या भागाच्या) खालीच फुगा आला. कॉइल आणि ट्रिमर त्या फुग्यावर डुलत असल्याने टेबलाला हात लागला तरी स्टेशन सरकते. पॅड कापतानाही पत्र्याच्या कात्रीत कोपऱ्यांचे टवके उडतात, निम्मे पॅड तिथेच वाया. 'आयर्न जास्त तापवले असेल' असेही तुमच्या प्रतिनिधीने फोनवर सुचवले. त्याच आयर्नने, त्याच तापमानाला पासोड्या विठोबाजवळच्या दुकानातून आणलेल्या ग्लास इपॉक्सीच्या तुकड्यावर तेच सर्किट उभे केले. ते उत्तम चालू आहे.

दुसरे उत्तर तर कमालच आहे. आत काय आहे ते कापल्याशिवाय किंवा घासल्याशिवाय दिसू नये अशी कड तुम्हीच रंगवून पाठवायची, आणि ते पाहण्यासाठी कापले की परतावा नाही! या नियमाने तुमचा कोणताही बोर्ड कधीच सदोष ठरू शकणार नाही.

माझ्या मागण्या अशा : सर्व दहा बोर्डांची पूर्ण रक्कम, कापलेल्या बोर्डांसह, आणि कुरिअरचा खर्च परत करावा. उरलेले बोर्ड तुमच्या खर्चाने उचलावेत. विक्रीच्या पानावरचे वर्णन तातडीने दुरुस्त करावे. पेपर फिनॉलिक विकायला माझी हरकत नाही. साध्या एलईडी फ्लॅशरला ते पुरते आणि स्वस्तही पडते. मात्र त्यावर पेपर फिनॉलिक हेच नाव आणि त्याचीच किंमत असावी.

माल मी विक्रीसाठी नव्हे, स्वतःच्या आणि शिकायला येणाऱ्या मुलांच्या वापरासाठी स्वतःच्या पैशाने घेतला आहे. ई-कॉमर्सविषयीच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. तसे न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करून, दर्जाविषयी खोटे वर्णन ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा असल्याबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.

सोबत : बिलाची प्रत, घासलेल्या कडेचे व सुटलेल्या पॅडचे फोटो, तुमच्या दोन्ही उत्तरांच्या प्रती. कापलेला एक तुकडा वेगळ्या पाकिटातून पाठवत आहे. कानस तुमच्याकडे असेलच.

आपला,
(ऑर्डरवरील ग्राहक)
पुणे