विज्ञानमंत्र्यांना खुलं पत्र: डेटा उघडा केलात, आता तो चालतो का तेही बघा

माननीय विज्ञानमंत्री महोदय,
स.न.वि.वि.

ओपन सायन्स हा शब्द हल्ली तुमच्या जवळपास प्रत्येक भाषणात असतो आणि त्याबद्दल माझी तक्रार अजिबात नाहीये, लोकांच्या पैशातून झालेलं संशोधन लोकांना बघता यायला हवं यावर कोण वाद घालणार. पण भाषण झाल्यावर पुढे काय होतं ते सांगतो. एक पोर्टल निघतं, त्यावर डेटा टाका असं परिपत्रक येतं, आणि प्रकल्प संपायच्या आठवड्यात कोणीतरी रात्री उशिरा बसून हाताला लागतील त्या फायली वर चढवून मोकळा होतो. रकाना भरला, डेटा खुला झाला. तो कोणाच्या कामाचा आहे का हे विचारायची जबाबदारी कोणाचीच नसते.

मला हे रोज दिसतं कारण माझं कामच ते आहे, दोन-चार लॅब मिळून जे प्रकल्प करतात त्यात डेटा आणि कोड सांभाळायचं. मध्यंतरी एका भागीदार लॅबकडून (नाव घेत नाही, उगाच कशाला) एक फाईल आली. त्यात ग्रुप नावाचा कॉलम, आणि खाली नुसते १ आणि २. आता १ म्हणजे औषध दिलेले की न दिलेले? कुठेच लिहिलेलं नाही. जिने प्रयोग केला तिची फेलोशिप संपली, ती निघून गेली, तिचा संस्थेतला ईमेल बंद, आणि सर म्हणतात, बहुतेक १ म्हणजे कंट्रोल, म्हणजे औषध न दिलेले. बहुतेक! शेजारच्या कॉलममध्ये मध्येच ९९९ आकडा दिसतो, म्हणजे त्या दिवशी मोजमाप घेतलेलं नाही अशी त्यांची आपसातली खूण, पण बाहेरच्या माणसाला हे कसं कळणार, तो बिचारा ९९९ पण सरासरीत धरणार. सरकारी नियमानुसार ही फाईल पूर्णपणे खुली आहे.

तर माझं म्हणणं एकच आहे. खुलेपणा हे अपलोड करायचं काम नाही, दुसऱ्याला तेच काम पुन्हा करून बघता आलं पाहिजे, आणि ते पुन्हा करून बघणं हे स्वतंत्र, वेळखाऊ, पगारी काम आहे. त्याला तुमच्या खात्याच्या बजेटमध्ये आज जागाच नाही.

किती वेळखाऊ ते तुम्हाला कळावं म्हणून कॅन्सरचं उदाहरण देतो. अमेरिकेत सेंटर फॉर ओपन सायन्स या संस्थेने एक मोठा एकत्रित प्रकल्प हाती घेतला होता, गाजलेल्या ५३ पेपरांतले १९३ प्रयोग वेगळ्या लॅबमध्ये पुन्हा करून बघायचे. पैसे होते, माणसं होती, हेतू चांगला होता. आठ वर्षं गेली आणि २०२१च्या शेवटी निकाल आले तेव्हा पूर्ण झाले होते २३ पेपरांतले ५० प्रयोग. बाकीचे का राहिले? तर १९३ पैकी एकाही प्रयोगाची माहिती पेपरात इतकी पूर्ण नव्हती की मूळ लेखकांना न विचारता तो करता यावा. एकाही नाही, परत सांगतो. मग ईमेल पाठवा, वाट बघा, परत पाठवा. काही लेखकांनी मनापासून मदत केली, पण साधारण एक तृतीयांश प्रयोगांच्या बाबतीत लेखकांकडून काहीच उपयोगाचं मिळालं नाही किंवा उत्तरच आलं नाही. आणि जे प्रयोग झाले त्यांतले परिणाम मूळच्या मानाने खूप बारीक निघाले, मध्यक (सगळे क्रमाने लावल्यावर मधला) काढला तर ८५ टक्क्यांनी लहान.

मानसशास्त्रातला आकडा तर तुमच्या अधिकाऱ्यांनी ऐकलाच असेल. २०१५ साली २७० लेखकांनी मिळून १०० अभ्यास पुन्हा केले, मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत परिणाम सांख्यिकीच्या कसोटीवर उतरला होता, पुन्हा केल्यावर ३६ टक्क्यांत. अर्थशास्त्रात १८ प्रयोगांपैकी ११ टिकले.

आता इथे थोडं थांबतो, कारण मला भीती वाटते की हे आकडे वाचून कोणीतरी फायलीवर शेरा मारेल, शास्त्रज्ञ खोटं बोलतात, अनुदान कापा. कृपा करून असं करू नका. प्रयोग पुन्हा जमला नाही याचा अर्थ पहिल्याने लबाडी केली असा होत नाही, बहुतेक वेळा कारण इतकं साधं असतं की सांगून पटणार नाही. एक लॅब बर्कलीत, दुसरी बोस्टनमध्ये, दोन्ही नावाजलेल्या, दोघी मिळून स्तनाच्या पेशींवर काम करत होत्या. दोन्हीकडे तेच मशीन, तीच रसायनं, तीच पद्धत, तरी पेशी मोजल्या की चित्र वेगळंच यायचं. वर्षाहून जास्त गेलं त्यात. शेवटी दोन्हीकडची माणसं एका टेबलावर शेजारी शेजारी उभी राहून काम करायला लागली तेव्हा कळलं की टिश्यूचे तुकडे विरघळवताना एकीकडे काही तास जोरात ढवळतात आणि दुसरीकडे जवळपास दिवसभर हळूहळू हलवत ठेवतात. बास, एवढंच. पेपरात ही गोष्ट लिहायची असते हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, कारण आपापल्या लॅबमध्ये सगळे तसंच करत आलेले. २०१४ साली त्यांनी हाच सगळा प्रकार पेपर म्हणून छापला, याला मोठेपणा म्हणायचा.

असंच अमेरिकेतल्या तीन लॅबचं झालं, त्या बारीक जंतांचं आयुष्य वाढवणारी औषधं तपासत होत्या. तिन्हीकडचे आकडे जुळेनात, मग खोदून काढता काढता कळलं की जंताचं वय एक लॅब अंड्यातून बाहेर आल्यापासून मोजते आणि दुसरीकडे अंडं घातल्यापासून मोजतात. म्हणजे वय म्हणजे काय इथपासूनच सुरुवात! मग त्यांनी बैठका घेतल्या, एकमेकांचे व्हिडिओ बघितले, जंत कसा उचलायचा इथपर्यंत ठरवून एक लांबलचक कार्यपद्धती लिहिली. ही कार्यपद्धती म्हणजे माझ्या मते खरं खुलं विज्ञान, आणि तिच्यासाठी कुठल्याही पोर्टलवर रकाना नसतो.

एकत्रित प्रकल्पांचा फायदा नेमका इथे आहे, साहेब. एकटी लॅब असली की तिच्या सवयी तिला दिसत नाहीत, दोन लॅबना एकाच फाईलवर काम करायला लावलं की पहिल्याच महिन्यात सगळं बाहेर येतं, कॉलमची नावं, तारखा कशा लिहायच्या, कोणता उंदीर का वगळला. पण तुमच्याकडे येणारे बहुतेक एकत्रित प्रस्ताव कागदावर एकत्र असतात आणि प्रत्यक्षात पैसे वाटून घेऊन प्रत्येकजण आपापलं करतो, शेवटी एक पेपर आणि त्यावर सगळ्यांची नावं. एकाने दुसऱ्याचं विश्लेषण चालवून बघितलं असं क्वचित होतं. का होईल, त्याचे पैसे कोणी दिलेत?

काही जण म्हणतात डेटा मागा, देऊ, त्यात काय एवढं. २०२२ साली एका टीमने अशा १७९२ पेपरांच्या लेखकांना खरंच लिहिलं, ज्यांनी स्वतः छापलं होतं की डेटा मागितल्यास उपलब्ध आहे. डेटा दिला १२२ जणांनी. कोडचंही तेच, लोकांनी स्वतःहून हार्वर्डच्या डेटाव्हर्सवर (संशोधनाचा डेटा ठेवायची ऑनलाइन जागा) ठेवलेल्या, आर या प्रोग्रामिंग भाषेतल्या हजारो फायली एका गटाने आहे तशा चालवून बघितल्या, तर सुमारे ७४ टक्के फायली अर्ध्यात एरर देऊन थांबल्या. कारणं काय असणार, कोणाच्या तरी लॅपटॉपवरच्या फोल्डरचा पत्ता आत लिहिलेला, कोडला लागणारी कुठली तरी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, लोडच केलेली नाही, कोणत्या व्हर्जनवर चालवायचं ते सांगितलेलं नाही. हे सगळं दुरुस्त करायला फार बुद्धी लागत नाही, वेळ लागतो आणि कोणाचं तरी ते काम असावं लागतं.

आणि हे फक्त लॅबवाल्यांचं दुखणं आहे असं समजू नका. देशाचं कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांवर गेलं की वाढ खुंटते असा रेनहार्ट आणि रोगॉफ या अर्थशास्त्रज्ञांचा २०१० सालचा पेपर तुमच्या अर्थखात्याने नक्की वाचला असणार, जगभर खर्चकपातीच्या बाजूने तो दाखवला गेला. २०१३ साली थॉमस हर्नडन नावाच्या विद्यार्थ्याने क्लाससाठी तो पुन्हा करायला घेतला, जमेना, मग लेखकांकडून एक्सेल शीट मागितली, त्यांनी दिली (हे महत्त्वाचं, त्यांनी दिली), आणि दिसलं की सरासरीच्या सूत्रात पाच देश सुटलेत. इतरही मुद्दे होते, काही वर्षं वगळलेली, भारांक द्यायची पद्धत, सगळं धरून उणे ०.१ टक्का वाढीच्या जागी २.२ टक्के आलं. एका विद्यार्थ्याच्या गृहपाठातून हे निघालं, तुमच्यासारख्या कुठल्याही खात्याच्या तपासणीतून नाही.

मग मागणी काय? मुख्य मागणी माणसाची आहे. कोणताही एकत्रित प्रकल्प मंजूर करताना त्यात डेटा आणि कोड सांभाळणारी एक तरी व्यक्ती पहिल्या दिवसापासून पगारावर हवी, शेवटच्या महिन्यात उपटसुंभासारखी आणलेली नको, आणि तिचं पद प्रकल्पासोबत संपणारं नको. कारण ती गेली की ग्रुप १ आणि २ चा अर्थही तिच्यासोबत जातो. सर्व्हर नंतर घ्या, हरकत नाही.

दुसरं, पेपर पाठवायच्या आधी प्रकल्पातल्याच दुसऱ्या लॅबने मुख्य आकडे कच्च्या डेटावरून पुन्हा काढून बघावेत, आणि निदान एखादा महत्त्वाचा प्रयोग प्रत्यक्ष करून बघावा, यासाठी बजेटात वेगळी रक्कम धरा. नेदरलँड्सने २०१६ साली फक्त पुनरावृत्तीसाठी ३० लाख युरोंचा निधी काढला होता. ब्राझीलमध्ये पन्नासहून जास्त लॅबनी मिळून आपल्याच देशातले जीवशास्त्राचे प्रयोग पुन्हा करून बघितले, आणि ते काही फार श्रीमंत देश म्हणून नव्हे.

बढतीचं तर बोलायलाच नको. वर्षभर बसून कोणी दुसऱ्याचा प्रयोग तपासला आणि जमला नाही असं प्रामाणिकपणे लिहिलं तर मूल्यमापनाच्या फॉर्ममध्ये त्याला शून्य गुण, आणि तिसऱ्या दर्जाच्या जर्नलमध्ये चार पेपर छापले तर टाळ्या. रजिस्टर्ड रिपोर्ट नावाची पद्धत आहे, त्यात प्रयोग करायच्या आधीच योजना तपासून पेपर स्वीकारतात, निकाल काहीही येवो. मानसशास्त्रातल्या अशा पेपरांत अंदाज बरोबर निघाल्याचं प्रमाण ४४ टक्के आढळलं, नेहमीच्या पेपरांत ९६. शास्त्रज्ञांचे अंदाज खरंच ९६ टक्के बरोबर असते तर प्रयोग तरी कशाला करायचे.

नवीन संशोधनाचे पैसे जुनं तपासण्यात जातील हा आक्षेप मला माहीत आहे. जातील, थोडे जातील. पण ज्या निकालावर पुढचे दहा प्रकल्प उभे करणार तो आधी टिकतो का बघणं हे मला तरी काटकसरीचंच वाटतं. प्रत्येक पेपर तपासा असं कोणी म्हणत नाहीये, ज्यावर औषध किंवा धोरण ठरणार आहे तेवढे बघा. आणि रुग्णांचा डेटा सरसकट उघडा टाका असंही म्हणत नाही, त्याला परवानगी घेऊन बघायची सोय पुरते.

युनेस्कोने खुल्या विज्ञानाची शिफारस नोव्हेंबर २०२१ मध्ये मंजूर केली, १९३ देशांनी. त्यातही माणसं, प्रशिक्षण, मूल्यमापन हे सगळं लिहिलेलं आहे, फक्त पोर्टल नाही. तुमच्या पुढच्या अर्जाच्या फॉर्ममध्ये डेटा कुठे ठेवणार हा प्रश्न असेलच. त्याच्याखाली अजून दोन ओळी टाका, हा डेटा कोण समजावून सांगणार आणि त्याचा पगार कोणत्या शीर्षाखाली धरलाय. उत्तर कोरं असेल तर प्रस्ताव परत पाठवा, आमचा असला तरी.

कळावे,
आपला,
एका लॅबमधला डेटावाला