कपाटाची कुलपं काढायची परवानगी द्या: उच्च शिक्षण मंत्र्यांना खुलं पत्र

मा. उच्च शिक्षण मंत्री, कर्नाटक सरकार, बेंगळुरू यांना

साहेब, नमस्कार.

हे पत्र कन्नडमध्ये करून तुमच्या ऑफिसला पाठवलंय. इथं मराठीत टाकतेय कारण ज्या पोरापोरींसाठी लिहिलंय ती खानापूर, बेळगाव, निपाणीकडची आहेत, त्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनीही वाचावं. मी इकडच्या एका डिग्री कॉलेजच्या लायब्ररीत काम करते. कॉलेजचं नाव घालत नाही, कारण मी सांगतेय ती गोष्ट एका कॉलेजची नाही, ओळखीच्या ज्या ज्या लायब्ररीवाल्यांशी बोलले ते सगळे हेच सांगतात.

मागणी आधीच सांगून टाकते. पुस्तक हरवलं की ते ग्रंथपालाच्या अंगावर येतं, ती भीती काढा. एक लेखी आदेश काढा. मुलं लायब्ररीत यावीत म्हणून तुम्ही जे काही कार्यक्रम सांगाल ते आम्ही करू, पण ही भीती आहे तोवर त्यातलं काहीच टिकणार नाही.

कसं होतं बघा. वर्षाला स्टॉक व्हेरिफिकेशन होतं, रजिस्टरातला नंबर आणि कपाटातलं पुस्तक जुळवायचं, जुळलं नाही की प्रश्न सुरू, नोटीस, भरून द्या, रिटायरमेंटच्या वेळी तर नो ड्यूजसाठी (काही येणं बाकी नाही असा दाखला) माणूस रडकुंडीला येतो. मग कुणीही शहाणा माणूस काय करेल, कपाटाला कुलूप घालेल. बॅग बाहेर, काउंटरवरून चिठ्ठी द्यायची, आतून पुस्तक येणार, आलं तर आलं. आता विचार करा, जांबोटीकडची एक मुलगी बी.ए. फर्स्ट इयरला आलीय, घरात कॉलेज बघणारी पहिलीच, ती काउंटरला उभी राहते आणि आम्ही विचारतो पुस्तकाचं नाव काय, लेखक कोण. तिला कसं माहीत असणार ओ? तिला काय आवडतं हे तिलाच अजून कळलेलं नाही, ते पुस्तकं हातात घेऊन, चार पानं उलटून, परत ठेवून, दुसरं काढूनच कळतं. ती सिलॅबसमधलं एक नाव सांगते, ते इश्श्यू झालेलं असतं, ती जाते. पुन्हा येते ती थेट परीक्षेच्या आधी. आणि मग आपण सगळे म्हणतो की आजकालची पोरं वाचत नाहीत, सगळा वेळ मोबाईल.

तुम्हाला वाटेल पुस्तकं हरवू द्यायची का मग. तर केंद्र सरकारच्या नियमातच याचं उत्तर आहे. जनरल फायनान्शियल रूल्स २०१७, नियम २१५. त्यात म्हटलंय की वर्षभरात जी पुस्तकं दिली गेली किंवा वापरली गेली त्यात दर १००० मागे ५ हरवली तर ते रास्त धरावं, फक्त त्यात अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसावा. १००० रुपयांच्या वरचं पुस्तक किंवा दुर्मिळ पुस्तक गेलं तर मात्र चौकशी व्हायलाच पाहिजे. किती सरळ नियम आहे! आपल्या राज्यातल्या सरकारी आणि अनुदानित कॉलेजांना हाच नियम लागू आहे असं एक पान तुमच्या सहीनं आलं तर प्रिन्सिपल, ऑडिटवाले, मॅनेजमेंट सगळ्यांना दाखवता येईल.

आणि मोकळ्या कपाटाची गोष्ट काही परदेशातून आणायची नाही. आपल्याकडच्या ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन मद्रास युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत होते तेव्हाच त्यांनी वाचकाला थेट कपाटापर्यंत सोडलं, पुस्तकं वापरायसाठी असतात हा त्यांचा पहिलाच नियम, १९३१ चा. पुढं ते बेंगळुरूला राहिले, १९६२ मध्ये तिथं डीआरटीसी ही ग्रंथालयाचं काम शिकवणारी संस्था काढली, १९७२ ला तिथंच वारले. म्हणजे आपल्याच राज्याचे म्हणायचे. १२ ऑगस्टला त्यांच्या जयंतीला आम्ही फोटोला हार घालतो, नॅकला (कॉलेजांना ग्रेड देणारी संस्था) दाखवायला जिओटॅग, म्हणजे जागेची नोंद असलेला, फोटो काढतो, आणि त्याच हॉलमध्ये कपाटं बंद असतात. मला त्या दिवशी खरंच वाईट वाटतं.

भीती थोडी बाजूला ठेवून आम्ही काय केलं ते सांगते. प्रिन्सिपल सरांनी तोंडी हो म्हटलं म्हणून झालं, लेखी कुणीच देत नाही. कॉलेज सुटल्यावर मुलं बसची वाट बघत गेटजवळ थांबतात, शक्ती योजनेमुळं २०२३ पासून मुलींचं तिकीट वाचलं पण बसला गर्दी वाढली, एक सोडून दुसरी धरावी लागते. त्या वेळेला लायब्ररी बंद व्हायला आलेली असते. मग आम्ही एक टेबल गेटजवळ लावलं, वर पुस्तकं, शेजारी वही, नाव लिहा आणि घेऊन जा. काही पुस्तकं जुन्या पेपरात गुंडाळून ठेवली, वर मुलांनीच दोन ओळी लिहिलेल्या, कुणी मराठीत, कुणी कन्नडमध्ये, आत काय आहे ते घरी जाऊन उघडायचं. ती गुंडाळलेली सगळ्यात आधी संपायची. कन्नड मिडीयमच्या मुलांनी मराठी पुस्तक नेलं, मराठीवाल्यांनी कन्नड नेलं, एकमेकांना विचारून विचारून वाचलं. आणि पुस्तकं परत येतात साहेब. उशिरा येतात, चुलतभावाच्या हातून येतात, एक तर कणकुंबी बसच्या कंडक्टरनं आणून दिलं, सीटवर राहिलं होतं म्हणून.

दुसरं एक. मुलींना सांगितलं की घरात आजी जात्यावरच्या ओव्या म्हणत असेल तर लिहून आणा, मोबाईलवर रेकॉर्ड करा. एका मुलीनं आख्खी वही भरून आणली. ती वही आम्ही दाखल रजिस्टरला चढवली, नंबर घातला, कव्हर लावून लोकसाहित्याच्या पुस्तकांत ठेवली. त्यानंतर त्या वर्गातल्या मुली ज्या पद्धतीनं लायब्ररीत यायला लागल्या ते बघायला पाहिजे होतं तुम्ही, आपल्यातल्या एकीची वही इथं आहे म्हटल्यावर जागाच आपली वाटायला लागली. असं प्रत्येक तालुक्यात करता येईल. निपाणीच्या मुलांनी १९८१ च्या तंबाखू आंदोलनातली म्हातारी माणसं अजून आहेत तोवर त्यांच्याशी बोलून घ्यावं, विडी कामगार बायकांशी बोलावं. ते पुढं कुणीच लिहून ठेवणार नाही.

आता स्पर्धा परीक्षेच्या मुलांबद्दल. पोलीस भरती, पीडीओ म्हणजे ग्रामपंचायतीचा विकास अधिकारी, आर्मीची तयारी करणारी पोरं (मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटरच बेळगावात, त्यामुळं आर्मीचं वेड घराघरात) सकाळी दार उघडायच्या आधी येऊन बसतात. बऱ्याच ठिकाणी त्यांना स्वतःचं पुस्तक आत न्यायला बंदी. रोज येणारे वाचक हेच, आणि नियम त्यांनाच बाहेर ठेवतो. काही लोक म्हणतात ही मुलं म्हणजे खरे वाचक नव्हेत. मला ते पटत नाही. जो मुलगा रोज दहा तास खुर्चीत बसतो त्याच्या हाताला लागेल असं एक चांगलं पुस्तक टेबलावर ठेवणं हे आमचं काम आहे.

ऑनलाइनचं थोडक्यात. वन नेशन वन सबस्क्रिप्शन या ऑनलाइन जर्नल्स वाचायला देणाऱ्या योजनेला केंद्रानं ३ वर्षांसाठी ६००० कोटी दिले, पण ते सरकारी संस्थांना, अनुदानित कॉलेजांना एन-लिस्ट ही कॉलेजांसाठीची ऑनलाइन लायब्ररीच घ्यावी लागते. त्यात लाखभराहून जास्त ई-बुक्स आहेत, घरून मोबाईलवर वाचता येतात, आणि बहुतेक मुलांना आपल्याला लॉगिन मिळतं हेच माहीत नाही. प्रत्येक वर्गात पंधरा मिनिटं जाऊन दाखवलं तरी पुरे. पण त्यासाठी ग्रंथपालाला काउंटर सोडता आला पाहिजे, आणि एकट्या माणसाला तो सोडता येत नाही. म्हणून दुसरी मागणी, वर्गात जाणं, गेटजवळ टेबल लावणं, वाचन गट चालवणं हे तास ग्रंथपालाच्या कामात धरा आणि तेवढ्या वेळेला एक मदतनीस द्या.

तिसरी मागणी पैशाची आहे पण नवीन पैशाची नाही. ॲडमिशनला प्रत्येक मुलाकडून लायब्ररी फी घेतली जाते. त्यातला एक भाग मुलांच्या कमिटीनं निवडलेल्या पुस्तकांवर जावा. मुलांना पुस्तकांच्या दुकानात, प्रदर्शनात घेऊन जाऊन निवडू द्या. आत्ता याद्या वरून येतात, त्यात मराठी पुस्तकं जवळजवळ नसतातच, आणि इथं तर कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात, गावकरी वर्गणी काढतात, आमची मुलं तिथं स्वयंसेवक असतात. आवड नाही असं कसं म्हणायचं? निपाणीला लागूनच अर्जुननगरचं देवचंद कॉलेज आहे, ते कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. तिकडं २०१५ पासून १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन होतो. त्याची नक्कल करा म्हणत नाही, पण एकाच गल्लीतली दोन भावंडं दोन बाजूंच्या कॉलेजात जातात, एकाला जे मिळतं ते दुसऱ्यालाही मिळावं.

आणि आपल्याच सरकारनं हे खेड्यात करून दाखवलंय. ग्रामपंचायतीची वाचनालयं आता अरिवु (ज्ञान) केंद्र झाली, २०२० मध्ये 'ओदुव बेळकु' (वाचनाचा उजेड) या कार्यक्रमातून शाळेच्या मुलांना फुकट मेंबर केलं. तीच मुलं आता कॉलेजला येताहेत. त्यांना गावात कपाट उघडं मिळालं होतं, कॉलेजात बंद मिळतंय. ग्रामविकास खात्याला जमलं ते तुमच्या खात्याला का जमू नये?

डिसेंबरात तुम्ही अधिवेशनाला बेळगावच्या सुवर्ण विधान सौधला याल. तिथून खानापूर लांब नाही. न सांगता या कुठल्याही कॉलेजच्या लायब्ररीत, सत्कार नको, स्टेज नको. कपाटं उघडी आहेत का तेवढं बघा, काउंटरवरच्या माणसाला विचारा की पुस्तक हरवलं तर तुझं काय होतं, आणि बाहेर गेटजवळ उभ्या असलेल्या मुलींना विचारा की शेवटचं पुस्तक कधी नेलं. आदेश निघाला तर त्याची मराठी प्रतही कन्नडच्या शेजारी नोटीस बोर्डावर लावायला सांगा, म्हणजे मुलं स्वतः वाचतील आणि आम्ही कुलूप काढलं नाही तर आम्हाला येऊन विचारतील.

आपली,
खानापूर तालुक्यातली एक ग्रंथालय कर्मचारी